गटारं बंद केली, तरी नाल्यात पाणी कुठून येतं?

प्रश्न धुळ्याहून आला आहे. थोडक्यात असा: कॉलनीच्या मागून एक लहान नाला जातो आणि पुढे पांझरेला मिळतो. वर्षभरापूर्वी नाल्यात सोडलेले सांडपाण्याचे पाईप बंद केले. तरी फेब्रुवारीत नाल्यात घोटाभर पाणी आहे, दगडांवर हिरवं शेवाळ आहे आणि तपासणीच्या अहवालात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १३६०, नायट्रेट ५८ आलंय, दोन्ही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. वरच्या अंगाला एकही गटार मिळत नाही, हे त्यांनी स्वतः चालून पाहिलंय. मग हे पाणी येतं कुठून? आणि नाल्याचा तळ काँक्रीटचा केला तर प्रश्न मिटेल का?

भाऊ, काँक्रीटचं आधी बोलून घेतो, कारण एकदा अंदाजपत्रक मंजूर झालं की मग कोणी ऐकत नाही. तळ काँक्रीटचा करू नका. कारणं खाली येतीलच. पाणी कुठून येतं, तर तुमच्या पायाखालून.

धुळ्यात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर गटार नसताना फेब्रुवारीत नाला वाहतोय, म्हणजे मुरलेलं पाणी मुरमातून झिरपत नाल्याच्या तळाशी आणि काठाला फुटतंय. शेतातल्या ओढ्यालाही असंच पाणी असतं. त्याला आपल्याकडे जिवंत पाणी म्हणतात, वाळूत झिरा करून लोक ते पीत आले. तुमच्या नाल्याकडे येणारं पाणी मात्र वाटेत शे-दोनशे घरांच्या शोषखड्ड्यांखालून येतं.

पाईप बंद केले म्हणता. त्या घरांचं पाणी गेलं कुठे? मुख्य गटारीला जोडलं असेल तर उत्तम. पण मी पाहिलेल्या बऱ्याच कॉलन्यांत पाईपचं तोंड विटा-सिमेंटने लिंपलं आणि घरमालकाने अंगणात खड्डा घेतला. म्हणजे पाणी नाल्यातच येतं, फक्त सरळ न येता जमिनीतून वळसा घालून. गवंडी तर अभिमानाने सांगतात, "तळाला कोबा केलेला नाही साहेब, टाकी कधी भरणारच नाही." वीस वर्षांत एकदाही न उपसलेली सेप्टिक टाकी लोकांना चांगल्या बांधकामाची खूण वाटते. खरं तर ती रोज गळत असते, म्हणून भरत नाही.

आता खडक. धुळे शहराखाली बेसाल्ट आहे. वर काळी माती, कुठे हातभर, कुठे पुरुषभर. तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा मऊ खडक, मग काळा पाषाण, आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे कुठे कुठे गेरूचा लाल पट्टा. पाणी मुरमातून आणि पाषाणाच्या भेगांतून चालतं. गेरू चिकण असतो, त्यावर आलं की खाली न जाता आडवं सरकतं. नाल्याचा काठ जिथे उभा कापलेला आहे तिथे हा लाल पट्टा शोधा. त्याच्या वरच्या कडेला ओल, पांढरट खार किंवा लव्हाळ्याची हिरवी रांग दिसली, तर कॉलनीचं पाणी तिथून नाल्यात उतरतंय. हे सगळं बेसाल्टपुरतं. रावेर-यावलच्या गाळाच्या पट्ट्यात चित्र निराळं. तिथे पाणीपातळी नाल्याच्या तळापेक्षा कितीतरी खाली गेलेली आहे, तिथले नाले पाणी घेत नाहीत, देतात. तिकडचा उपाय धुळ्यात आणि इकडचा तिकडे लावू नये.

हे घेणं-देणं नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाल्याच्या पाण्यापेक्षा शेजारच्या विहिरीतलं पाणी उंच असेल तर विहिरीकडचं पाणी नाल्यात येतं. विहिरीतलं पाणी खाली असेल तर नाल्याचं पाणी विहिरीकडे जातं. आणि एकाच नाल्यात एकाच वर्षात हे दोन्ही होतं. सप्टेंबरअखेर विहिरीत पाणी दोन-तीन मीटरवर असतं, नाल्याचा तळ रस्त्यापासून चार मीटर खाली, म्हणजे नाला घेतो. मे महिन्यात तीच विहीर आठ-नऊ मीटरवर गेलेली असते, आणि नाल्यात जे काही घाण पाणी साचलेलं असेल ते विहिरीच्या दिशेने मुरत असतं. म्हणून फक्त नाल्याच्या पाण्याचा एक नमुना काढून निकाल देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मीही तसे निकाल दिलेत, तरुणपणी.

पातळी मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरून त्यातले बुडबुडे काढा, एक टोक विहिरीच्या कठड्याशी, दुसरं नाल्याच्या काठी. नळी पुरत नसेल तर मधे खुंटी मारून दोन-तीन टप्प्यांत न्या. नळीतलं पाणी स्थिर झालं की दोन्ही टोकांशी त्याच्या पातळीची खूण करा आणि त्या खुणांपासून विहिरीतल्या आणि नाल्यातल्या पाण्यापर्यंत दोर सोडून मापं घ्या. दोराला वजन म्हणून नट बांधला की पाण्याला टेकल्याचा आवाज येतो. विहिरीवर मोटार चालू असेल तर ती बंद करून रात्रभर थांबा. नाहीतर उपशामुळे खाली गेलेली पातळी तुम्ही खरी समजाल.

जवळ विहीर नसेल तर नाल्याच्या तळातच पाहता येतं. अर्ध्या इंची प्लास्टिकचा पाईप घ्या, खालच्या वीतभर भागाला बारीक भोकं पाडा, त्यावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळा. पहारीने आधी भोक करून पाईप हात-दीड हात तळात रोवा आणि भोवतालची माती पायाने दाबा. अर्धा-पाऊण तास थांबा. पाईपच्या आतलं पाणी नाल्याच्या पाण्यापेक्षा बोटभर वर चढलं तर खालून पाणी वर येतंय, आत खाली बसलं तर नाला पाणी सोडतोय. तळाशी चिकणमाती असेल तर अर्ध्या तासात काही कळणार नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन पाहा. शाळेतल्या मुलांना घेऊन हे करा, त्यांना फार आवडतं.

मग नाला चाला. सगळ्यात चांगली वेळ डिसेंबर-जानेवारीतली पहाट. धुळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा जमिनीतलं पाणी मात्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं. जिथे पाझर फुटतो तिथे पाण्यावर वाफेचा पुंजका दिसतो, सूर्य वर आला की गेला. तो हंगाम हुकला असेल तर मेच्या दुपारी पायातलं काढून पाण्यात उतरा. नाल्याचं उथळ पाणी तापून चौतीस-पस्तीसवर गेलेलं असतं आणि पाझराच्या जागी गार लागतं. माझ्याबरोबर एक पोरगा असायचा सामान उचलायला, शिक्षण बेताचं. मी मीटर लावून वाकलेलो असायचो आणि तो पुढे चालता चालता ओरडायचा, "साहेब, आठे पानी गार शे!" मीटर तिथे नेला की पाण्याची वाहकता, म्हणजे त्यातले क्षार, वाढलेली असायचीच. मीटर ते नंतर आकड्यात सांगायचं, एवढंच. पाय कापलेला असेल तर मात्र शहरी नाल्यात उतरू नका, आणि बाहेर आल्यावर साबणाने धुवा.

हातात टीडीएस पेन असलं की काम पुरतं. वीस-पंचवीस पावलांवर एक नोंद करा. धुळ्या-जळगावकडच्या बेसाल्टमधलं न बिघडलेलं पाणी साधारण चारशे ते सातशेच्या दरम्यान असतं. भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस ५०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं दिलंय. तुमचे १३६० त्या मधले. आकडा हळूहळू चढत गेला तर पाझर सगळ्या काठाने आहे, एका ठिकाणी उडी मारली तर तिथे एकच मोठं तोंड आहे. उडी जिथे आहे तिथे वर पाहा, बहुधा एखादी जुनी अपार्टमेंट असते.

एक अपवाद सांगून ठेवतो. धुळे-नंदुरबार भागात डाईक फार आहेत, म्हणजे बेसाल्टला चिरत गेलेल्या उभ्या खडकाच्या भिंती, बऱ्याच पूर्व-पश्चिमेकडे धावणाऱ्या. अशी भिंत नाल्याला आडवी आली की जमिनीतलं पाणी तिला अडून वर येतं. भिंतीच्या वरच्या बाजूला नाला एकदम ओला, खालच्या बाजूला कोरडा. तिथे पाणी वाढलं म्हणून लगेच कोणाच्या सेप्टिक टाकीकडे बोट दाखवू नका. पाणी वाढलं पण टीडीएस वाढला नाही, तर ते डाईकचं काम.

नळाचा दिवसही लक्षात ठेवा. खान्देशातल्या कितीतरी गावांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं.  ते येतं त्या दिवशी गळक्या जलवाहिन्यांतून बरंचसं जमिनीत आणि नाल्यात जातं, नाला पातळ होतो आणि टीडीएस खाली येतो. त्या दिवशी नमुना घेतलात तर नाला सुधारला असं वाटेल. नळ नसलेल्या दिवशी तीच वाहिनी रिकामी असते. ती नाल्यातून किंवा ओल्या मुरमातून जात असेल तर फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि पुढच्या नळाला पहिल्या पाच मिनिटांत तेच घरात येतं. तुमच्या कॉलनीची जलवाहिनी नाला कुठे ओलांडते ते आधी बघा. मला विचाराल तर नाल्याच्या रंगापेक्षा याची चिंता जास्त.

आता नायट्रेट. मैल्यातला आणि मूत्रातला नायट्रोजन आधी अमोनिया होतो. मुरमात हवा खेळती असते, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला चिकटत नाही, पाणी जाईल तिथे जातं. फॉस्फेट उलट, ते मातीतल्या चुन्याला आणि लोहाला धरून बसतं. त्यामुळे नाल्याच्या पाण्यात अमोनिया जास्त आणि नायट्रेट कमी असेल तर कुठेतरी ताजं सांडपाणी थेट मिळतंय. नायट्रेट जास्त आणि अमोनिया नाममात्र असेल तर पाणी जमिनीतून चालून आलंय. तुमच्या अहवालात अमोनिया दिलेला नाही. तो करून घ्या, त्या एका आकड्यावर अर्धा वाद मिटतो. आणि शेवाळ एवढं हिरवं आहे तर फॉस्फेटही करा. ते जास्त निघालं तर धुण्याचं साबणाचं पाणी अजून कुठून तरी थेट येतंय असं समजा.

क्लोराइड हा माझा आवडता. तो खडकाला लागत नाही, जिवाणू त्याला खात नाहीत, हवेत उडत नाही. जेवढा आला तेवढा राहतो, त्यामुळे हिशेब त्याच्यावर करावा. समजा वरच्या मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या, तोंडाशी पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला ३ लिटर. खालच्या मोरीशी तीच बादली तीन सेकंदांत, म्हणजे ५ लिटर. मधे २ लिटर आले. वर क्लोराइड ६०, खाली १५०. पाच गुणिले दीडशे, साडेसातशे. त्यातून तीन गुणिले साठ, एकशे ऐंशी वजा केले, उरले ५७०. ते दोन लिटरचे, म्हणून मधे आलेल्या पाण्याचं क्लोराइड २८५. आता काठावरच्या विहिरीचं क्लोराइड पाहा. ते अडीचशे-तीनशेच्या घरात असेल तर ते दोन लिटर विहिरीच्याच पाण्याचे. आकडे हिशेबापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही मोजा.

हाच हिशेब नायट्रेटला लावला की मजा दिसते. वर नायट्रेट २०, विहिरीत ११० असं धरा. मिसळून खाली ५६ यायला हवं. प्रत्यक्षात समजा ३८ आलं. लिटरमागे अठरा मिलिग्रॅम मधल्या मधे गेले कुठे? सेकंदाला पाच लिटर, दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज पावणेआठ किलो नायट्रेट नाहीसं झालं. थोडं शेवाळाने आणि लव्हाळ्याने घेतलं. उरलेलं नाल्याच्या तळातल्या काळ्या चिखलाने.

हा काळा चिखल लोकांना नकोसा. वास येतो, पाय रुततो, डास होतील म्हणतात. पण त्यात कुजणारा पाला असतो आणि प्राणवायू नसतो. तिथल्या जिवाणूंना पाला पचवायला प्राणवायू हवा, तो ते नायट्रेटमधून काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. आपण जो श्वास घेतो त्यात चार पंचमांश तोच वायू आहे, त्याचा कोणाला त्रास नाही. जमिनीतून येणारं पाणी या चिखलातून वर चढताना गाळलं जातं, एक पैसा न लागता. तळाला काँक्रीट केलंत की हे बंद. पाणी मात्र थांबत नाही. ते सांध्यांतून, बाजूच्या भिंतीतल्या भोकांतून तसंच्या तसं नाल्यात येतं. भोकं ठेवली नाहीत तर मागे तुंबतं आणि काठच्या घरांच्या जोत्याला ओल चढते, जोर जास्त असला तर तळाचा काँक्रीटचा थरच उचलला जातो. काँक्रीटचा एक फायदा आहे, तोही सांगायला हवा: उन्हाळ्यात नाल्याची घाण विहिरींकडे मुरणं कमी होतं. पण तेवढ्यासाठी वर्षभराची गाळणी घालवायची हा सौदा मला पटत नाही. काठ ढासळत असेल तर दगड रचा, सिमेंटशिवाय.

खोलीकरणाबद्दलही बोलतो, कारण तुमच्या नगरसेवकाच्या डोक्यात ते असणारच. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल केले, पुढे बंधारे घातले, पाणी जिरवलं. काम मोठं आहे आणि त्या जमिनीला ते लागू पडतं. पण तिथे नाल्यात पावसाचं पाणी होतं. पुढे जो तो आपापल्या गावात पोकलेन लावायला निघाला, आणि त्या लाटेत मीही वाहिलो. एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही, गावातून जाणाऱ्या नाल्याचं तीन मीटर खोलीकरण करायला मी होकार दिला. नकाशावर खडक बरा दिसत होता, मला उन्हाळ्यात वेळ नव्हता, मी पावसाळ्यानंतर एकदाच जाऊन आलो होतो. पोकलेनने काळी माती काढली, मुरूम काढला, मांजऱ्यात शिरला. पहिल्या हिवाळ्यात काठच्या विहिरी डिसेंबरातच खाली गेल्या. नाल्याचा तळ त्यांच्या पाण्यापेक्षा खाली आला होता, त्याने विहिरीच उपसल्या. मार्चनंतर नाल्यात फक्त गावाचं सांडपाणी उरलं. ते त्या खोल चरात साचून राहिलं, आणि मुरमाची गाळणी तर आम्हीच काढून टाकली होती. मे महिन्यात तिथल्या एका आबांनी मला हातपंपावर नेलं. दांडा मारला, बादलीत पाणी पडलं, वर फेस. साबण कोणी टाकलेला नव्हता. आबा काही बोलले नाहीत, फक्त बादली माझ्याकडे सरकवली.

तो हातपंप नंतर लाल रंगवून बंद केला. पिण्याचे हातपंप आणि शोषखड्डे यांच्यात पंधरा-वीस मीटर ठेवा असं सांगतात. गाळमातीत ठीक आहे, माती जिवाणू अडवते. भेगाळ पाषाणात त्या अंतरावर विसंबू नका. एक भेग लागली तर घाण पाणी दिवसभरात शंभर मीटर जाऊ शकतं आणि वाटेत काहीच गाळलं जात नाही.

नाल्यात फिरताना काही गोष्टी दिसतील, त्यांनी घाबरून जाऊ नका. पाझराच्या तोंडाशी नारिंगी, गंजासारखा बुळबुळीत थर दिसला तर ते लोह. जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो तेव्हा लोह विरघळून येतं आणि हवा लागली की गंज होऊन बसतं. त्यावर तेलासारखी सप्तरंगी साय धरते. तिला काडीने डिवचा. तिचे काचेसारखे तुकडे झाले तर जिवाणूंची साय आहे. काडी काढल्यावर ती पुन्हा मिळून आली तर खरंच तेल आहे, मग वरच्या अंगाचं गॅरेज शोधा. दगडांवरचा पांढरा थर बहुतेक वेळा चुनखडीचा, कठीण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की तो बसतो. आणि सकाळी मासे मेलेले दिसले तर कोणी विष टाकलं असा गलका करू नका. रात्री शेवाळ प्राणवायू खातं, खालून येणाऱ्या पाण्यात तो आधीच कमी, पहाटे तळ गाठतो. दुपारी तीनला मापलंत तर सगळं छान दिसेल.

सांडपाण्याचा पुरावा स्वस्तात हवा असेल तर एक युक्ती आहे. कपडे पांढरे चमकावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक द्रव्य असतं, ते कापसाला धरतं आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली निळसर चमकतं. कापसाची गुंडाळी जाळीच्या पिशवीत घालून पाझराच्या तोंडाशी चार-पाच दिवस बांधून ठेवायची, मग अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली पाहायची. आपला कपाशीचा मुलूख, म्हणून मी आधी शेतातलाच कापूस नेला. तो पाण्यावर तरंगत राहिला. कच्च्या कापसावर मेण असतं, तो पाणी धरत नाही. औषधाच्या दुकानातला घ्या, पण आधी दिव्याखाली धरून तो मुळातच चमकत नाही ना ते बघा, आणि त्यातलाच एक बोळा घरी कोरडा ठेवा, शेजारी ठेवून तुलना करायला. चमकला तर ते पाणी कुणाच्या तरी न्हाणीघरातून आलंय. नाही चमकला म्हणून मात्र कोणाला निर्दोष सोडू नका, जमिनीत बराच वेळ राहिलं की हे द्रव्य मातीलाही चिकटतं.

प्रयोगशाळेचा कागद वाचताना एक खाचखळगा आहे. नायट्रेट काही ठिकाणी नायट्रेट म्हणून देतात, काही ठिकाणी नायट्रोजन म्हणून. मानकातली मर्यादा ४५ ही नायट्रेटची, आणि तिला सूट नाही. नायट्रोजन म्हणून दिलं असेल तर त्याला ४.४३ ने गुणा. तुमचे ५८ नायट्रोजन असतील तर ते २५७ होतात, आणि मग आपण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतोय. आजच फोन करून विचारा. नमुना बर्फाच्या डब्यात नेला होता का तेही विचारा, दोन दिवस उन्हात पडलेल्या बाटलीतलं नायट्रेट मी धरत नाही.

काठच्या बोअरचं पाणी कोणी पीत असेल तर त्याचंही नायट्रेट करा. ४५ च्या वर असेल तर ते तान्ह्या बाळाच्या दुधात अजिबात वापरू नका. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट वाढतं. हे बायाबापड्यांना नीट सांगावं लागतं, कारण उकळलं की शुद्ध झालं अशी समजूत पक्की आहे.

काम म्हणाल तर ते नाल्यात नाही, अंगणात आहे. जी घरं शोषखड्ड्यावर आहेत ती गटारीला जोडायची, आणि नाल्याच्या काठापासून सुरुवात करायची, कारण त्यांचं पाणी आधी पोहोचतं. जोडणं शक्य नसेल तिथे टाकीचा तळ पक्का करून दोन-तीन वर्षांनी ती उपसायची. काठचा लव्हाळा आणि चिखल राहू द्यायचा, कचरा तेवढा काढायचा. आणि लोकांना आधीच सांगून ठेवा की लगेच फरक दिसणार नाही. मुरमातून पाणी दिवसाला वीतभर चालतं असं धरलं तर दोनशे मीटरवरच्या घराचं आजचं पाणी नाल्यात यायला अडीच-तीन वर्षं लागतील. आज नाल्यात फुटतंय ते तुम्ही पाईप बंद करायच्या आधीचं असेल. पहिल्या पावसाळ्यात तर आकडा वाढेलसुद्धा, पातळी वर चढते तेव्हा कोरड्या मुरमात साचलेलं सगळं नायट्रेट धुऊन येतं. त्या ऑगस्टचा अहवाल हातात घेऊन कोणी म्हणेल की जोडणीचा खर्च वाया गेला. त्याला क्लोराइडचे तीन वर्षांचे आकडे दाखवा.

सध्या एवढं करा: नळ नसलेल्या दिवशी, सकाळी, वरची मोरी, खालची मोरी आणि काठच्या दोन विहिरी, अशा चार ठिकाणी क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट. त्याच दिवशी बादली आणि लेव्हल नळी. मे महिन्यात पुन्हा, सप्टेंबरअखेर पुन्हा. विहिरीत मोटार किती वाजता बंद केली ते वहीत लिहायला विसरू नका, ते नेहमी राहतं.